हृदयाच्या दारापर्यंत गेलेली नळी

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की शहर संपता संपता वाडी लागते. गोदामे, ट्रकांच्या रांगा, ट्रान्सपोर्टची कार्यालये आणि जवळच अंबाझरीची आयुध निर्माणी, असा हा गजबजलेला भाग. येथील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही गेलो होतो. प्रदर्शन पाहून झाल्यावर शिक्षकखोलीत चहा आला. बोलणे मात्र प्रदर्शनाचे निघाले नाही. ते निघाले आठवीतल्या एका मुलीचे.

या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचारांचे पहिले कठीण महिने पार पडले होते. रक्ततपासणी ठीक असेल तेव्हा अधूनमधून शाळेत जायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. तिच्या उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला एक पारदर्शक चिकटपट्टी होती. पट्टीखालून एक बारीक नळी बाहेर आलेली होती आणि तिच्यावर जाळीचा बाही-पट्टा होता. "ती नळी थेट हृदयापर्यंत गेलीये म्हणतात, सर. तिला वर्गात बसवायचीच भीती वाटते," एक बाई म्हणाल्या. दुसऱ्या शिक्षकांनी विचारले, "सलाईन तर मनगटाला लावतात ना? मग हे एवढं आत कशाला?" तिसरा प्रश्न मुख्याध्यापकांचा होता, "ती इथं असताना आम्ही नेमकं काय सांभाळायचं?"

तिन्ही प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरे शोधताना शाळेच्या पाठ्यपुस्तकातले बरेचसे विज्ञान उपयोगी पडते. म्हणून ती येथे सविस्तर देत आहोत.

हातावरच्या शिरा

आधी आपल्याच हाताकडे पाहू. कोपराच्या वर दंडाला हातरुमाल हलकासा आवळून बांधा, हात खाली सोडा आणि मूठ चार-पाच वेळा उघडझाप करा. हातावरच्या शिरा फुगून दिसू लागतील. त्यांच्यावर मधूनमधून बारीक गाठींसारखे उंचवटे दिसतात. त्या शिरांमधल्या झडपा होत. आता मनगटाकडच्या बाजूला एका शिरेवर बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने त्या शिरेतले रक्त कोपराच्या दिशेने, एका गाठीच्या पलीकडे, निपटून टाका. मधला भाग रिकामाच राहतो, वरचे रक्त झडपेतून मागे येत नाही. पहिले बोट उचलताच शीर खालून पुन्हा भरते. विल्यम हार्वे याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दिला आहे. (रुमाल मिनिटभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये.)

या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. शिरांमधले रक्त एकाच दिशेने, हृदयाकडे, वाहते. आणि हातावरच्या शिरा अगदी बारीक असतात, दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या. सलाईन लावताना परिचारिका याच शिरांमध्ये छोटी प्लास्टिकची सुई बसवते. साध्या सलाईनसाठी, प्रतिजैविकांच्या काही मात्रांसाठी हे पुरेसे असते. तशी सुई काही दिवसच टिकते, मग जागा बदलावी लागते.

कर्करोगाच्या औषधांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

औषध जे शिरेला जाळते

कर्करोगावरच्या रासायनिक उपचारांचा, म्हणजे केमोथेरपीचा, इतिहास युद्धातल्या विषारी वायूपासून सुरू होतो. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने सैनिकांच्या अंगावर फोड उठले आणि त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्याच कुळातल्या नायट्रोजन मस्टर्ड या द्रव्याचा वापर १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एका कर्करुग्णावर करण्यात आला. कर्करोगाची गाठ काही काळ विरघळली. पण कातडीवर फोड आणणारे द्रव्य शिरेत घातले तर शिरेचे काय होणार, हे सांगायला नको.

पुढे आलेल्या अनेक औषधांत हा दोष राहिलाच. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन हे औषध इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाच्या कुळातून आले. ज्या समुद्राच्या काठच्या प्रदेशात ती माती होती, त्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हे नाव पडले. दुसरे औषध आपल्या अधिक ओळखीचे. आपल्या अंगणात बारा महिने फुलणारी सदाफुली! तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध १९६० च्या दशकापासून रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. ही दोन्ही औषधे शिरेतच द्यावी लागतात. सुई जरा सरकली आणि औषध शिरेच्या बाहेर, कातडीखालच्या ऊतीत झिरपले, तर तिथे जखम होते. कधी ती महिनोन्महिने भरून येत नाही, कधी कातडीरोपण करावे लागते.

औषध शिरेच्या आत राहिले तरी शिरेच्या अस्तराला इजा होते. शीर दुखू लागते, कडक होते, बंद पडते. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात मुलांचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. त्यातल्या पहिल्या काही महिन्यांत वारंवार औषधे, रक्त, बिंबिका आणि रक्ततपासण्या लागतात. इतक्या वेळा टोचायला हातावर शिरा उरतच नाहीत. परिचारिका शीर शोधत राहते, मूल रडत राहते आणि औषधाची वेळ टळते. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना ती नळी भीतीदायक वाटत नाही, सुटकेची वाटते.

नाला आणि वैनगंगा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नळी इतकी आत का न्यायची?

समजा, रंगाची एक बादली आपण उन्हाळ्यातल्या एखाद्या नाल्यात हळूहळू ओतली. नाल्याचे पाणी दूरवर रंगीत होईल. तीच बादली पावसाळ्यातल्या वैनगंगेत ओतली, तर चार हातांवर रंगाचा मागमूसही राहणार नाही. दंडापासून हृदयाकडे जाताना शिरा एकमेकींना मिळत जातात, नाले मिळून नदी व्हावी तशा. डोके, मान, छातीचा वरचा भाग आणि दोन्ही हात यांच्याकडून आलेले सगळे रक्त शेवटी एका मोठ्या शिरेत एकत्र येते. तिला ऊर्ध्व महाशीर म्हणतात. ती सुमारे सात सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ दोन सेंटिमीटर रुंद असते. ती हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या कर्णिकेत, उघडते.

थोडे गणित करू. मोठ्या माणसाच्या हातातल्या बारीक शिरेतून मिनिटाला साधारण ४० मिलिलिटर रक्त वाहते असे धरा. ऊर्ध्व महाशिरेतून मिनिटाला सुमारे २,००० मिलिलिटर, म्हणजे २ लिटर रक्त वाहते. औषध मिनिटाला २ मिलिलिटर या वेगाने सोडले, तर हातातल्या शिरेत ते २० पट रक्तात मिसळते आणि महाशिरेत १,००० पट रक्तात. म्हणजे महाशिरेत औषध ५० पट अधिक पातळ होते.

येथे विद्यार्थ्यांकडून एक गैरसमज तपासून घेता येईल. पुष्कळांना वाटते की महाशिरेत रक्त फार वेगाने धावत असेल, म्हणून औषध वाहून जात असेल. हिशेब करून पाहा. ३ मिलिमीटर व्यासाच्या शिरेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर आहे. तिच्यातून सेकंदाला ०.६७ मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे रक्ताचा वेग सेकंदाला ९ ते १० सेंटिमीटर होतो. २ सेंटिमीटर व्यासाच्या महाशिरेच्या छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर आहे. तिच्यातून सेकंदाला ३३ मिलिलिटर रक्त जाते. वेग येतो सेकंदाला साधारण १० ते ११ सेंटिमीटर. जवळजवळ तेवढाच! फरक वेगाचा नाही, वाहणाऱ्या रक्ताच्या प्रमाणाचा आहे.

दुसरा फरक जागेचा. नळ्यांची जाडी 'फ्रेंच' नावाच्या एककात मोजतात. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. ४ फ्रेंच नळीचा बाहेरचा व्यास १.३३ मिलिमीटर होतो. ३ मिलिमीटरच्या शिरेत ती छेदाचा सुमारे २० टक्के भाग अडवते, महाशिरेत अर्धा टक्कासुद्धा नाही. महाशिरेत नळीचे टोक रक्तात मोकळे तरंगते आणि शिरेच्या भिंतीला औषध सहसा घट्ट असताना लागत नाही. म्हणून टोक महाशिरेच्या खालच्या भागात, जिथे ती हृदयाला मिळते त्या जागेच्या आसपास ठेवतात. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे, की नळी हृदयाच्या दारापर्यंत जाते. हृदयात काही करण्यासाठी ती नसते. तिथे रक्ताची नदी सर्वांत मोठी असते म्हणून ती तिथवर नेलेली असते.

स्वतःवर प्रयोग करणारा डॉक्टर

हृदयापर्यंत नळी नेता येते हे प्रथम दाखवले ते जर्मनीतल्या एका तरुण डॉक्टरने. वेर्नर फोर्समान हा १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात काम करीत होता. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. निर्जंतुक साहित्य ज्यांच्या ताब्यात होते त्या परिचारिका गेर्डा डिट्झेन यांनी स्वतःवर प्रयोग करून घेण्याची तयारी दाखवली. फोर्समानने त्यांना टेबलावर बांधून ठेवले आणि प्रत्यक्षात आपल्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडून मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी लांब नळी आत सरकवली. मग त्यांना सोडवले आणि नळी तशीच ठेवून तो खालच्या मजल्यावरच्या क्ष-किरण खोलीत चालत गेला. ६५ सेंटिमीटर नळी आत गेली होती आणि तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसत होते. फोर्समान जिवंत होता, हे तर उघडच होते!

त्याची त्या वेळी कदर झाली नाही. तो पुढे मूत्रविकारांचा डॉक्टर झाला. अमेरिकेत आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९५६ सालचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले.

आजच्या पद्धतीत शीर उघडावी लागत नाही. १९५३ साली स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने एक सोपी युक्ती सांगितली. आधी सुई शिरेत घालायची, सुईतून लवचिक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि मग तारेवरून नळी ओवायची. आता सुई घालताना श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, शीर पडद्यावर पाहता येते. नळीच्या प्लास्टिकमध्ये क्ष-किरण अडवणारे द्रव्य मिसळलेले असल्याने टोक कुठे आहे ते क्ष-किरण चित्रात दिसते. काही ठिकाणी हृदयाच्या विद्युत आलेखावरूनही टोक ओळखतात. टोक हृदयाजवळ जाऊ लागले की आलेखातली 'पी' ही लाट उंच होत जाते.

तीन प्रकार

उपचार किती काळ चालणार, घर रुग्णालयापासून किती दूर आहे आणि खर्च किती झेपेल, यावर नळीचा प्रकार ठरतो.

वाडीच्या मुलीच्या दंडाला होती ती पिक लाइन. दंडाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून ती महाशिरेपर्यंत नेतात. भूल देऊन मोठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही, काम झाल्यावर ती सहज ओढून काढता येते. मात्र तिचे एक टोक शरीराबाहेर असते. म्हणून आठवड्याला एकदा चिकटपट्टी बदलावी लागते आणि नळी मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुवावी लागते.

दुसरा प्रकार कातडीखालून बोगदा करून छातीवर बाहेर काढलेल्या नळीचा. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात १९७३ साली ब्रोव्हियॅक यांनी आणि १९७९ साली हिकमन यांनी अशा नळ्यांची वर्णने प्रसिद्ध केली. हिकमन यांची नळी अस्थिमज्जारोपणाच्या रुग्णांसाठी होती. या नळीभोवती कातडीखाली डेक्रॉन धाग्यांचा एक पट्टा असतो. काही आठवड्यांत शरीराची ऊती त्या धाग्यांत वाढते. त्यामुळे नळी घट्ट बसते आणि बाहेरच्या जंतूंची वाट अडते. सिॲटलमध्येच प्रशिक्षण घेतलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातले पहिले अस्थिमज्जारोपण केले, हे येथे आठवते.

तिसरा प्रकार म्हणजे पोर्ट. यात नळी आणि तिला जोडलेली नाण्याएवढी डबी, दोन्ही कातडीखाली बसवतात. डबीच्या वरच्या बाजूला सिलिकोनचा जाड पडदा असतो. औषध देताना कातडीतून त्या पडद्यात सुई टोचतात. साधी सुई दर वेळी पडद्याचा बारीक तुकडा कापून नेईल. म्हणून टोक वाकवलेली हूबर सुई वापरतात. ती पडद्याला भोक न पाडता नुसती फट करते आणि सुई काढताच फट मिटते. पोर्टच्या रुग्णाला सुई नसताना अंघोळीची, खेळण्याची बरीच मोकळीक असते. वापर नसेल तर तीन-चार आठवड्यांनी, काही ठिकाणी त्याहूनही जास्त अंतराने, ती धुतली तरी चालते. पण ती बसवायला आणि काढायला छोटी शस्त्रक्रिया लागते आणि खर्चही अधिक येतो.

विदर्भातल्या कुटुंबांपुढे ही निवड नेहमीच उभी राहते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे आणि जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. तरीही काही रुग्ण आठशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून मुंबईला जातात. गडचिरोलीच्या आतल्या गावातून येणाऱ्याला नागपूरही जवळ नसते. दर आठवड्याची पट्टी कोण बदलणार, हा प्रश्न त्यांच्यासाठी नळीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा असतो. त्यासाठी गावाजवळच्या प्रशिक्षित परिचारिकेची सोय आधीच करून ठेवावी लागते.

लहान सिरिंज, मोठा दाब

नळी धुताना १० मिलिलिटरची किंवा तेवढ्याच जाडीची सिरिंज वापरावी, असे परिचारिकांना शिकवतात. लहान सिरिंज हाताळायला सोपी, मग मोठी का? आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हे कोडे जरूर घालावे.

औषधाच्या दुकानातून २ आणि १० मिलिलिटरच्या दोन नव्या सिरिंजा आणा. सुया लावू नका. दोन्हींत थोडे पाणी भरून त्या रबरी नळीच्या तुकड्याने जोडा. दोन विद्यार्थ्यांनी एकेक दट्ट्या सारख्याच जोराने अंगठ्याने दाबावा. लहान सिरिंजवाला जिंकतो! दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. १० मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या सुमारे १५ मिलिमीटर व्यासाचा, तर २ मिलिलिटरच्या सिरिंजचा सुमारे ९ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून तेवढ्याच बलाने लहान सिरिंज पावणेतीन पट दाब देते. १ मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या सुमारे ५ मिलिमीटरचा असतो, तिचा दाब नऊ पट होईल. नळी आत चोंदलेली असताना एवढा दाब पडला, तर ती फुटू शकते.

धुण्याचीही एक रीत आहे. पाणी एका दमात न सोडता थोडे ढकलायचे, थांबायचे, पुन्हा ढकलायचे. त्यामुळे नळीत पाण्याचे भोवरे होतात आणि भिंतीला चिकटलेले रक्ताचे कण निघून जातात.

जंतूंचे घर

एवढी सोय करणाऱ्या नळीची किंमतही मोजावी लागते. शरीराची कातडी हा जंतूंविरुद्धचा कोट आहे आणि या नळीने त्या कोटात दार उघडलेले असते.

माठ आठवडाभर घासला नाही, तर त्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो. नुसते पाणी हिसळून तो जात नाही, घासावा लागतो. जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. त्याला जैवपटल म्हणतात. कातडीवर एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही प्लास्टिकवर असे पटल करतात. त्याच्या आत असलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविके नीट पोचत नाहीत, म्हणून कधी कधी नळी काढण्यावाचून इलाज राहत नाही. नळीचे तोंड उघडण्यापूर्वी ते जंतुनाशकाने नुसते पुसायचे नसते. काही सेकंद चोळून घासायचे असते. कारण तेच, माठाचे.

केमोथेरपीच्या रुग्णाला हा धोका अधिक. रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. निरोगी माणसात त्या दर मायक्रोलिटरला दीड हजारांहून जास्त असतात. औषधांनंतर काही दिवस त्या ५०० च्याही खाली जातात. अशा वेळी पू होत नाही, सूजही फारशी येत नाही, कारण ती आणणाऱ्या पेशीच नसतात. फक्त ताप येतो. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप हा अशा रुग्णात तातडीचा प्रसंग समजतात. काही तासांत प्रतिजैविक सुरू झाले नाही, तर जीव जाऊ शकतो.

या धोक्यावर उपाय काय? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या १०३ अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला. हात धुणे, नळी घालताना रुग्ण पूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणे, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अठरा महिन्यांत नळीमुळे होणारा रक्ताचा जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. माहीत असलेल्या गोष्टी दर वेळी, न चुकता करणे एवढेच होते.

आणखी दोन धोके आहेत. नळीभोवती रक्ताची गुठळी होऊ शकते. मग तो हात सुजतो, दुखतो, मानेवरच्या शिरा फुगतात. दुसरा धोका हवेचा. श्वास घेताना छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या क्षणी नळीचे तोंड उघडे असेल, तर हवा आत ओढली जाते. म्हणून नळीला चिमटा आणि टोपण असते आणि ती दोन्ही नेहमी बंद ठेवतात.

शाळेने काय सांभाळावे

आता मुख्याध्यापकांचा प्रश्न. त्याच्या उत्तराची सुरुवात एका गोष्टीने करू. कर्करोग स्पर्शाने, श्वासाने, डबा वाटून खाल्ल्याने पसरत नाही. नळीमुळेही इतर मुलांना काही होत नाही. धोका आहे तो उलट दिशेने, वर्गातल्या सर्दी-खोकल्याचा त्या मुलीला. म्हणून तिला वेगळे बसवायचेच असेल, तर खोकणाऱ्या मुलापासून दूर बसवावे, मैत्रिणींपासून नव्हे. वर्गात कुणाला गोवर किंवा कांजिण्या आल्या, तर तिच्या घरी त्याच दिवशी कळवावे.

तिला ताप वाटला, थंडी वाजली, तर लगेच पालकांना बोलवावे. येथे एक चांगल्या मनाने होणारी चूक सांगतो. शाळेच्या पेटीत तापाची गोळी असते आणि बाई ती देऊन मुलीला विश्रांती घ्यायला सांगतात. इतर मुलांसाठी ते ठीक असेल. या मुलीला ती गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. गोळीने ताप उतरतो, जंतू तसेच राहतात, आणि धोक्याची एकमेव खूण पुसली जाते.

नळी असलेल्या हाताने जड दप्तर उचलणे, दोरीला लटकणे, ओढाओढीचे खेळ टाळावेत. त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधू नये. पट्टीजवळ कात्री नेऊ नये. हात पाण्यात बुडवू नये. नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा घामाने पट्टी सुटू लागते. वाडीसारख्या ठिकाणी वर धूळही असते. सकाळच्या शाळेतसुद्धा मुलीला पंख्याजवळची, सावलीची जागा द्यावी. पट्टी ओली किंवा सैल दिसली, तर सुट्टी होण्याची वाट न पाहता घरी कळवावे. ती त्याच दिवशी बदलायची असते.

नळी चुकून ओढली जाऊन बाहेर आली, तर घाबरू नये. स्वच्छ कापसाने किंवा कापडाने त्या जागेवर दाबून धरावे आणि रुग्णालयात न्यावे. बाहेर आलेली नळी पुन्हा आत ढकलू नये. नळी मध्येच तुटली, तर तुटलेल्या जागेच्या शरीराकडच्या बाजूला ती दुमडून घट्ट धरावी, म्हणजे रक्त बाहेर येणार नाही आणि हवा आत जाणार नाही. रुग्णालयाचा आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयात भिंतीवर लावून ठेवावा.

चहा केव्हाच संपला होता. भीती वाटते म्हणणाऱ्या बाईंनी वहीत एवढेच लिहून घेतले होते: ताप, पट्टी, फोन नंबर. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? हे तर जमेल." मग त्यांनी विचारले, की सदाफुलीच्या औषधाबद्दल वर्गात सांगितले तर त्या मुलीला वाईट वाटेल का. आम्ही म्हणालो, आधी तिलाच विचारा. शाळेच्या फाटकाशी सदाफुलीचा वाफा होता. त्यावर काय बोलायचे ते तिने ठरवावे, हे सर्वांनाच पटले.